सरांचे पाळीव जंतू

दर शनिवारी सकाळी सिस्टर पांढऱ्या कपड्यांचं बोचकं बांधत आणि सर ते स्कूटरवर, दोन पायांच्या मध्ये ठेवून, साडूंच्या घरी पोचवत. सरांच्या आयुष्यातला सगळा अपमान त्या एका बोचक्यात मावत असे, आणि इस्त्री करून परत येताना तो जरा जडच होऊन येई.

सर म्हणजे शाळेत भूगोल शिकवणारे सर आणि सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर. ही दोघं नवराबायको. इमारतीत नवीन आलेल्या माणसाला हे उलगडून सांगावं लागे, कारण बाईला सगळे सिस्टर म्हणतात आणि तिच्या नवऱ्याला सर, हे ऐकून माणूस आधी दोघांकडे आळीपाळीने बघत राही.

सगळा दोष इमारतीच्या पाण्याचा होता. बोअरचं पाणी नळातून पडताना काचेसारखं स्वच्छ दिसे, पण बादली भरून पाच मिनिटं ठेवली की त्याला रंग चढू लागे आणि आंघोळ उरकेपर्यंत ते तांबूस होई. पाण्यात लोखंड होतं. लोखंड अंगात असलं तर चांगलं, असं दवाखान्यातले डॉक्टर म्हणत, पण बनियनमध्ये असलं तर काय, यावर ते काही बोलत नसत. सरांचे रुमाल, उशांचे अभ्रे, बाथरूमच्या फरश्या, सगळं एका रंगाचं झालं होतं. त्या इमारतीत पांढरा रंग फक्त लोकांच्या केसांत उरला होता.

सिस्टरांना मात्र पांढरा गणवेश लागे, आणि साडूंकडे नगरपालिकेचं पाणी होतं. साडूंचा टायरचा धंदा होता आणि मन मोठं होतं. हीच तर अडचण होती. सख्ख्या भावाशी भांडता येतं, शेजाऱ्याशी अबोला धरता येतो. साडूशी मात्र हसूनच बोलावं लागतं, आणि तेही त्याच्याच सोफ्यावर बसून.

"या सर, या! आणलंत बोचकं? अगं, मशीन रिकामं कर, सर आलेत!" साडू अशा आवाजात ओरडत की समोरच्या बंगल्यातला कुत्राही उठून बसे. "अहो, संकोच कसला? पाणी काय, आमच्याकडे चिक्कार आहे!"

अशातच सिस्टरांना बढती मिळाली. पुढच्याच्या पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून त्या मेट्रन होणार होत्या. साडूंनी आनंदाने सगळ्यांना जेवायला बोलावलं आणि जेवताना म्हणाले, "मेट्रनबाईंचा पहिल्या दिवशीचा गणवेश तर मी स्वतः मशीनला लावणार! दुधासारखा पांढरा निघाला नाही तर नाव बदलीन."

सरांनी हातातला घास परत ताटात ठेवला. ते म्हणाले, "त्याची गरज पडणार नाही. तो गणवेश आमच्या घरी, आमच्याच पाण्यात धुतला जाईल. आणि पांढराच निघेल."

 मग साडू इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि त्यांना पाणी द्यावं लागलं. तेही नगरपालिकेचंच.

घरी परतताना स्कूटरवर मागे बसलेल्या सिस्टर म्हणाल्या, "अहो, कशाला बोललात? कपडे पांढरे होण्याशी मतलब. कुठल्या का पाण्यात होईनात."

"तसं नसतं," सर म्हणाले.  इतकी वर्षं बायको नोकरी करत होती, आता ती सगळ्या दवाखान्याची मेट्रन होणार होती, आणि तिच्या अंगावर घालायचं एक स्वच्छ कापड आपल्या घरात धुता येऊ नये, हे त्यांना फार लागलं होतं.

सोमवारी त्यांनी शिक्षकांच्या खोलीत रसायनशास्त्राच्या मॅडमना गाठलं. मॅडम वह्या तपासता तपासता म्हणाल्या, "अहो सर, लोखंड खाणारे जंतू असतात की! पाण्यातल्या लोखंडाचा गंज करतात आणि त्यावरच जगतात. वाळूच्या थरात त्यांची वस्ती झाली की सगळा गंज तिथेच अडकतो आणि खाली पाणी स्वच्छ. औषध नको, वीज नको. फक्त त्यांना निवांत जगू द्यायचं."

पगाराशिवाय, कुरकुर न करता, सुट्टीच्या दिवशीही काम करणारा नोकरवर्ग! सरांना रात्रभर झोप लागली नाही. सकाळी त्यांनी हा बेत सिस्टरांना सांगितला.

"म्हणजे माझा गणवेश तुम्ही जंतूंकडून धुऊन घेणार?" सिस्टरांनी हातातलं उलथणं खाली ठेवलं. "अहो, मी आयुष्यभर जंतू मारतेय. दारं पुसते, नळ पुसते, तुमचे हात धुऊन घेते. आणि तुम्ही ते पाळणार?"

"हे चांगले जंतू आहेत."

"दवाखान्यात प्रत्येक नातेवाईक आपल्या पेशंटबद्दल हेच सांगतो," असं म्हणून सिस्टर ड्युटीवर निघून गेल्या.

जंतू आणायचे कुठून, हा पहिला प्रश्न. सर सरळ रक्त तपासणाऱ्या लॅबची पायरी चढले. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "रिपोर्ट न्यायचाय?"

"नाही. जंतू हवे होते थोडे."

त्या माणसाने सरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "लोक जंतू नाहीत असं लिहून मागतात, साहेब. हवेत म्हणून आलेले तुम्ही पहिलेच. कशाचे हवेत? टायफॉइडचे आहेत, कालच आलेत." मागच्या बाकावर बसलेली दोन माणसं सावकाश उठून बाहेर उभी राहिली. सरांनी लोखंड खाणाऱ्या जंतूंबद्दल विचारलं, तेव्हा त्याने अत्यंत सौम्य आवाजात त्यांना डॉक्टरांना भेटण्याचा सल्ला दिला.

शेवटी मॅडमनीच उलगडा केला. जंतू विकत घ्यावे लागत नाहीत. ज्या पाण्यात लोखंड असतं त्यात ते आधीच असतात, फक्त त्यांना राहायला जागा द्यायची. तीन-चार आठवड्यांत वस्ती होते. म्हणजे आपले नोकर आपल्याच घरी आधीपासून बेकार बसले होते! सर लगेच प्लंबरला घेऊन गच्चीवर गेले. वरच्या पिंपाच्या बुडाला भोकं पाडायची, म्हणजे पाणी शिंपडल्यासारखं पडून त्यात हवा मिसळेल. खालच्या पिंपात खडी, तिच्यावर वाळू आणि तळाला तोटी. कागदावर सरांनी हे उत्तम काढलं होतं. नकाशे काढण्यात त्यांचा हातखंडा होता. मात्र नकाशात वरची बाजू उत्तर असते, या जन्माच्या सवयीने त्यांनी कोपऱ्यात बाण काढून उत्तर दाखवली होती. प्लंबरने तो बाण पाण्याचा समजून तोटी पिंपाच्या काठाजवळ बसवली.

पाणी सोडलं. ते वाळूत उतरलं, पिंप भरलं, तोटीवरून चढलं आणि गच्चीच्या कडेने खालच्या मजल्यावर वकीलसाहेबांच्या बाल्कनीत गेलं. तिथे त्यांचे सहा पांढरे शर्ट वाळत होते. सगळ्या इमारतीत शर्ट पांढरे ठेवण्यासाठी बाटलीबंद पाण्याने कपडे धुणारा हा एकच माणूस होता.

संध्याकाळी दाराखालून नोटीस आली. 'आपण व आपले जंतू यांनी संगनमताने' अशी तिची सुरुवात होती. सर घाबरून वर गेले, तर वकीलसाहेबांनी त्यांना बसवलं, पंखा लावला आणि अर्धा तास खपून त्या नोटिशीला कसं उत्तर द्यावं ते सांगितलं. "माझी बाजू कच्ची आहे," ते म्हणाले. "जंतूंचा हेतू सिद्ध करता येत नाही."

नोटिशीची बातमी इमारतीच्या सेक्रेटरींच्या कानावर गेली. सेक्रेटरी वीजमंडळातून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून कुठेतरी काहीतरी बंद करण्याची संधी शोधत होते. त्यांनी सभा बोलावली.

"नियम अकरा," ते चष्मा सरसावून म्हणाले. "गच्चीवर प्राणी पाळण्यास मनाई आहे."

"जंतू म्हणजे प्राणी नव्हेत," सर म्हणाले.

"मग काय झाडं आहेत? झाडांना नियम बारा लागतो. कुंडीखाली ताटली पाहिजे." त्यांनी अर्जाचा कागद पुढे केला. "यात संख्या लिहा."

"संख्या? अहो, ते कोट्यवधी आहेत!"

सभेत हाहाकार उडाला. एका काकूंनी विचारलं, चावतात का. एका काकांनी, रात्री ओरडतात का, असं विचारलं. वकीलसाहेबांनी मुद्दा मांडला की कोट्यवधी रहिवासी झाले तर पुढच्या निवडणुकीत बहुमत कोणाचं? शेवटी सिस्टर उठल्या. आतापर्यंत त्या मागे हाताची घडी घालून बसल्या होत्या.

"हे जंतू माणसाला काही करत नाहीत," त्या ठणकावून म्हणाल्या. "मी वाचलंय. आणि हे पाणी प्यायला नाही, कपडे धुवायला आहे. परवानगी द्या."

सिस्टरांनी प्रत्येकाला कधी ना कधी इंजेक्शन दिलेलं होतं. परवानगी मिळाली. संख्येच्या रकान्यात 'बरेच' असं लिहिण्यात आलं.

जिन्यात सरांनी विचारलं, "तू कधी वाचलंस?"

"रात्रपाळीला. तुम्ही खोटे पडू नये म्हणून," त्या म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या. सर दोन पायऱ्या मागेच थांबले होते.

तोटी खाली आली आणि जंतूंची वस्ती सुरू झाली. त्यांना पाणी सतत लागे, धार बारीक लागे, वाळू कोरडी पडून चालत नसे. सर शाळेत जाण्याआधी वर, आल्यावर वर. नातेवाइकांकडे राहायला जाणं बंद झालं, कारण सांगणार काय? लोकांना कुत्रा आहे, मांजर आहे म्हणून घर सोडता येत नाही हे पटतं. वाळूवर हळूहळू तांबडी, कापसासारखी साय धरू लागली. सर ती अशा कौतुकाने बघत की वर कपडे वाळत घालायला आलेल्या बायका मुकाट्याने पाठ फिरवून घेत. आणि एका सकाळी तोटीखालची बादली भरून ठेवली ती संध्याकाळपर्यंत तशीच स्वच्छ राहिली. सरांनी त्यात आपला जुना रुमाल बुडवून पाहिला. रुमालाचा रंग बदलला नाही. अर्थात तो मुळात तांबूसच होता, पण आणखी तांबूस झाला नाही.

एक तारखेला अजून तीन आठवडे होते. सरांनी साडूंना फोन करून ही बातमी मुद्दाम हळू आवाजात दिली.

त्याच आठवड्यात सरांना परीक्षेच्या कामासाठी दोन दिवस बाहेरगावी जावं लागलं. धारेवर लक्ष ठेवायचं काम सिस्टरांनी आपणहून घेतलं. परत आल्यावर सर बॅग न ठेवताच गच्चीवर गेले, आणि दारातच थबकले. दोन्ही पिंपं झळाळत होती. वाळू नव्या बांधकामावर पडलेली असावी तशी सोनेरी दिसत होती. सगळीकडे ब्लिचिंग पावडरचा दर्प सुटला होता. आणि मधोमध पदर खोचून, कोपरापर्यंत लाल झालेले हात घेऊन सिस्टर उभ्या होत्या. चेहरा नुसता फुलला होता.

"केवढी घाण झाली होती हो! बोटभर चिखल होता वाळूवर. तुम्ही एकटेच किती राबता, म्हटलं आपणही हातभार लावावा. सगळी वाळू काढून तीनदा धुतली. बघा तरी!"

 कोट्यवधी रहिवासी एका दुपारीत गेले होते. सरांच्या ओठावर बरंच काही आलं. पण सुट्टीचा दिवस घालवून, पाठ मोडेपर्यंत वाळू उपसलेली ही बाई त्यांच्याकडे अशी बघत होती की लग्नानंतर त्यांनी पहिला पगार तिच्या हातात ठेवला तेव्हाही तिने असं बघितलं नव्हतं.

"छान झालंय," सर म्हणाले. "अगदी लख्ख."

दुसऱ्या दिवशी बादलीतलं पाणी पुन्हा तांबडं झालं. सर त्याकडे बघत बसले असताना सिस्टर शेजारी येऊन बसल्या.

"मी मारले ना?"

"थोडे," सर म्हणाले.

"थोडे?"

"सगळे."

 सिस्टर डोळे पुसत म्हणाल्या, "मला कळायला हवं होतं. वाचलं होतं मी. पण घाण दिसली की हात थांबतच नाहीत हो माझे. आता काय करायचं?"

"काही नाही. गणवेश साडूंकडे देऊ." हे म्हणताना सरांचा आवाज इतका लहान झाला की सिस्टर ताडकन उठल्या.

"मुळीच नाही. नव्याने वस्ती व्हायला वेळ लागतो, मान्य. पण तयार जंतू मिळाले तर? दह्याला विरजण लावतात तसं? तो तांबडा चिखल मी दुसरीकडेही पाहिलाय. फ्लशच्या टाकीत! आपल्याकडे मिळायचा नाही, मी दर रविवारी घासते. पण सगळेच काही घासत नसतील."

त्या संध्याकाळी सिस्टर हातमोजे घालून, बरण्या घेऊन घरोघर निघाल्या. पण प्रत्येक दारात एकच उत्तर. "छे छे, आमची टाकी एकदम स्वच्छ! हवं तर बघा. नाही, आत्ता नको बघू." पाच मजले हिंडून बरण्या रिकाम्याच राहिल्या. तेव्हा सिस्टरांनी खालच्या फळ्यावर लिहून टाकलं की ज्यांच्या टाकीत चिखल असेल त्यांना शुद्ध झालेलं पाणी आधी मिळेल.

दुसऱ्या सकाळी सरांच्या दारापुढे रांग लागली होती. स्वच्छ टाक्या एका रात्रीत घाण झाल्या होत्या. वकीलसाहेबांनी शपथेवर सांगितलं की त्यांची टाकी कधीच धुतलेली नाही. पण सगळ्यांवर मात केली सेक्रेटरींनी. ते स्वतः बादली घेऊन आले. तिच्यात एवढा दाट, एवढा तांबडाभडक गाळ होता की सिस्टरांच्या तोंडून नकळत "वा!" निघून गेलं.

"तेवीस वर्षं हात लावलेला नाही," सेक्रेटरी ताठ मानेने म्हणाले. मागे उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोला कुठे तोंड लपवावं ते कळेना.

सिस्टरांनी तो गाळ मोजून मापून, जखमेवर मलम लावावं तसा वाळूवर पसरला. आता धारेकडे दोघं आळीपाळीने बघत. वाळूवर पुन्हा साय आली, तेव्हा सिस्टर हात पाठीमागे बांधून उभ्या राहत, म्हणजे ते चुकून ब्रशकडे जाणार नाहीत. घरातली फ्लशची टाकीही त्यांनी रविवारी घासली नाही. बाथरूमवरून जाताना त्या तिच्याकडे बघत नसत. पुढेमागे गाळ लागला तर असावा, एवढंच म्हणाल्या. त्यांना त्याचा किती त्रास होतोय हे सरांना दिसत होतं, आणि त्यांना भरून येई.

शेवटच्या दिवशी दुपारी पाणी स्वच्छ झालं. सिस्टरांनी नवा कोरा गणवेश त्या पाण्यात धुतला, पिळला आणि गच्चीवर दोरीवर टाकला. पांढरा, अगदी पांढरा! सर त्या वेळी वाळूची वरची साय हलक्या हाताने सैल करत होते. त्यांनी मान वर केली, दोरीवर ते पांढरं शुभ्र पाहिलं आणि त्यांचं भान हरपलं. ते धावले आणि दोन्ही हातांनी तो गणवेश उचलून उन्हात धरला.

"अगं, बघ! बघ तरी!"

सिस्टरांनी पाहिलं. गणवेशाच्या पाठीवर, खांद्याच्या खाली, सरांचा उजवा पंजा उमटला होता. पाचही बोटं, तांबडीलाल. डावा हात नशिबाने कोरडा होता.

साबण झाला, लिंबू झालं. ब्लिचिंगने गंजाचा डाग आणखी पक्का बसतो हे सिस्टरांना माहीत होतं. डाग फिका झाला, पण गेला नाही. संध्याकाळी बेल वाजली. दारात साडू, हातात हँगरला लावलेला, नवा विकत आणून आपल्या मशीनमध्ये धुतलेला, इस्त्री केलेला, दुधासारखा पांढरा गणवेश.

"तुम्ही पराक्रम केलाच असणार," ते म्हणाले, "तरी म्हटलं, अडीअडचणीला असू द्या." आणि खुर्चीवरचा गणवेश पाहून पुन्हा त्यांना ठसका लागला. या वेळी सरांनी पाणी दिलं नाही.

सकाळी सर उठून बाहेरच आले नाहीत. आतल्या खोलीत पांघरूण घेऊन ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. बाहेर कपाट उघडल्याचा, बांगड्या काढून ठेवल्याचा आवाज येत होता. मग सिस्टर आत आल्या.

"अहो, मागचं बटण लावा. माझा हात पोचत नाही."

सर उठले. बटण लावायला हात पुढे केला आणि थांबले. समोर पाठीवर त्यांचाच पंजा होता.

"अगं, हा का? तो दुसरा आहे की हँगरला! दवाखान्यात लोक काय म्हणतील? पहिला दिवस तुझा!"

"विचारलं तर सांगेन. घरी धुतलाय म्हणून." त्या आरशात बघून केस नीट करत होत्या. "लावा ना बटण. उशीर होतोय."

सरांना बटण लावायला बराच वेळ लागला. त्यांना ते नीट दिसत नव्हतं.

तो हँगर त्यांनी गणवेशासकट त्याच दुपारी स्कूटरवरून साडूंना परत केला. सोफ्यावर बसले नाहीत.

संध्याकाळी ड्युटीवरून आल्या आल्या सिस्टर पर्स खांद्याला तशीच ठेवून गच्चीवर गेल्या. सर पिंपाजवळ होते. हात तांबडे झालेले. बायकोला बघताच ते गडबडीने नळाकडे वळले आणि साबणाची वडी उचलली.

"अहो, थांबा!" सिस्टर ओरडल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्या कोणाला हात धुण्यापासून अडवत होत्या. "इथे साबण नको. पिंपात उडाला तर मरतील बिचारे."